भाल्याखालचा माणूस

चर्चची किल्ली आमच्या घरात असते,
पणजोबांच्याही आधीपासून.
हातभर लोखंड. जानेवारीत बोटांना चिकटतं,
थोडं कातडं ठेवून घेतं, मगच कुलूप फिरतं.
धर्मगुरू येतात उन्हाळ्यात, रस्ता मोकळा झाला की.
बाकीचं वर्ष, स्वानेतीच्या या टोकाला
देवाचं दार उघडायचं आणि लावायचं, ते मी. बेशकेन.

सैतानाला शिंगं असतात, असं खालच्या शहरातले म्हणतात.
आमच्याकडे शिंगं उश्बा पर्वताला आहेत, दोन,
आणि तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात.
दुसरा जो आहे, तो बूट झटकून आत येतो,
शेकोटीजवळ जागा मागून घेतो,
आणि माझ्या मेलेल्या भावाचं नाव
माझ्याआधी घेतो.

चिचिकोला जाऊन त्या रात्री एकोणीस महिने झाले होते.
कुरणाच्या हद्दीवरून भांडण. एक गोळी,
ओतियाच्या बंदुकीतली.
आणि ओतियाची आई, माक्वाला,
संध्याकाळपासून माझ्या फाटकाशी उभी होती, बर्फात.
तिला संताची चांदीची प्रतिमा हवी होती,
जिच्यावर हात ठेवून दोन्ही घरांनी म्हणायचं
की आता पुरे.

मी मागच्या वाटेने चर्चमध्ये गेलो,
दार आतून लावून घेतलं.
तो आधीच पोचला होता.

मेणबत्ती लावली. भिंतीवर संत गिओर्गी, घोड्यावर.
इतरांकडे त्याच्या भाल्याखाली अजगर असतो.
आमच्याकडे माणूस आहे. मुकुट घातलेला,
उताणा पडलेला बादशहा, त्याचा छळ करणारा.
‘बघ,’ तो म्हणाला, हळू,
हिशेब समजावणाऱ्या मामासारखा,
‘तुझा संतही माणूसच मारतो.
चेहरा तर पुसलेलाच आहे. जागा रिकामी.
नाव तू घाल.
मी काय पाप कर म्हणतोय? न्याय म्हणतोय.
वर गेल्यावर आईला तोंड काय दाखवशील?’

खोटं फारसं बोलत नव्हता तो. हीच त्याची तऱ्हा.
नव्व्याण्णव शब्द खरे,
आणि शंभरावा त्यांच्या पोटात,
भाकरीत खडा असावा तसा.

मी प्रार्थना सुरू केली. विसरलो. पुन्हा सुरू केली.
तोही बरोबर म्हणू लागला,
माझ्यापेक्षा शुद्ध उच्चारात.
क्षमेची ओळ आली तिथे मात्र त्याला खोकला आला.
मग मलाही.

तेव्हा वर पाहिलं.
तो चेहरा काळाने पुसला नव्हता.
मीच खरवडला होता, नऊ वर्षांचा असताना,
नालेच्या खिळ्याने. चिचिको दारात पहाऱ्याला.
संताला छळलं म्हणून राग होता मला त्या बादशहाचा.
चांगल्या कारणासाठी, देवाच्या बाजूने,
एका माणसाचं तोंड मी नाहीसं केलं
आणि आम्ही दोघं हसत घरी गेलो.
वाटेत कुणीतरी माझी पाठ थोपटली होती.
हात चिचिकोचा नव्हता.
इतक्या वर्षांनी कळलं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही.
मेणबत्ती टिचभर उरली.
विजय वगैरे काही झालं नाही.
प्रतिमा खाली उतरवली, छातीशी धरली,
नुकत्या जन्मलेल्या वासराएवढी जड.
किल्लीने पुन्हा कातडं घेतलं.

माक्वाला फाटकाशीच होती. भुवया पांढऱ्या झालेल्या.
‘आत ये’ म्हणायला जीभ वळेना,
म्हणून कंदील तिच्या बाजूला धरला,
पाय कुठे टाकायचा ते दिसेल इतपत.

वडीलधारे जमणार होते त्या घराकडे आम्ही चाललो.
बर्फात दोन माणसांचे ठसे.
तिसरा मागून येतच होता, ठसे न उमटवता,
अजिबात घाई न करता.
शपथ सकाळी होती. आणि सकाळीनंतर
पुष्कळ हिवाळे.